एकाच शेतकरी कुटुंबाकडून वर्षानुवर्षे कॉफी घेणं छोट्या रोस्टरला परवडतं का?

तुम्ही विचारलंय, की छोटी रोस्टरी, म्हणजे कॉफी भाजून विकायचा उद्योग, सुरू करताना दरवर्षी पाच-सहा ठिकाणचे नमुने मागवून चांगला आणि स्वस्त लॉट उचलावा, की एकाच मळेवाल्याशी बांधून घ्यावं. मी कोल्हापुरात कॉफी भाजतो. २०१४ पासून माझी बहुतेक अरेबिका (कॉफीची एक जात) चिकमगळूर जिल्ह्यातल्या एकाच कुटुंबाकडून येते. परवडतं. पण हिशेब एका हंगामाचा मांडलात तर तोटाच दिसेल.

साधारण ६ किलो पिकल्या फळांतून १ किलो हिरवं, म्हणजे न भाजलेलं बी निघतं, आणि भाजताना त्यातलं १५-१६ टक्के वजन उडून जातं. म्हणजे किलोभर भाजलेल्या कॉफीमागे ७ किलो फळं हातानं तोडलेली असतात. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं शेजारी शेजारी लागतात. नुसती लाल हवीत तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा जावं लागतं, आणि तोडणाऱ्या बाईची दिवसाची भरती घटते. मजुरी तर किलोवर. पहिल्या वर्षी मी ऐटीत सांगितलं, फक्त लाल फळं तोडा. घरातले थोरले, त्यांना मी अण्णा म्हणतो, त्यांनी एवढंच विचारलं, "टोपली कमी भरली तर त्या बाईचे पैसे कोण देणार?" मी गप्प बसलो. त्या वर्षी भाजलेल्या प्रत्येक घाण्यात फिकट, न रंगलेले दाणे निघाले. ते कच्च्या फळांचे असतात. पुढच्या हंगामापासून तोडणीचा फरक मी कॉफीच्या दरात न मिसळता वेगळा देतो, आणि तो बायकांच्या हातात पडतो. व्यापाऱ्यामार्फत घेतलेल्या मालात ही सोय नसते, कारण तुमचा रुपया तिथपर्यंत पोचतच नाही.

अण्णांच्या वडिलांनी, अज्जांनी, उमेदीची सगळी वर्षं कॉफी बोर्डाच्या पूलला माल घातला. कायदाच तसा होता. सगळ्यांची कॉफी एकत्र जायची, बोर्ड लिलाव करायचं, पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे. बाजार पूर्ण मोकळा झाला तो १९९६ च्या सुमारास. आपली कॉफी कोण पितं हे अज्जांना कधी कळायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे 'तुमच्या वरच्या तुकड्यातला माल वेगळा ठेवा' म्हटल्यावर ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. तो तुकडा एस-७९५ चा आहे. हा वाण त्याच जिल्ह्यात, बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेला.

आता खरी गोष्ट. २०२१ च्या जानेवारीत ऐन सुकवणीत अवकाळी पाऊस झाला. खळ्यावर पार्चमेंट पसरलेलं होतं, म्हणजे गर काढून धुतलेलं, पण वरचं पातळ टरफल तसंच असलेलं बी. ताडपत्र्या पुरल्या नाहीत. चार दिवसांनी अण्णांचा फोन आला. त्यांचं हिंदी मोडकं, माझं कानडी मोडकं, तरी वाक्य स्पष्ट होतं: तिसरा लॉट तुला नको, वास धरलाय. माझ्याकडे तोवर नमुनासुद्धा आला नव्हता. नंतर कडक ऊन पडलं होतं, त्यामुळे मीटरवर ओलावा बरोबर दिसला असता आणि मी तो लॉट डोळे झाकून घेतला असता. तसा एक लॉट मी सुरुवातीच्या काळात एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतला होता. कागद चोख, आणि कपात गोणपाटाची कुबट चव. दोन पोती वाया गेली. म्हणून अण्णांच्या त्या एका फोनची किंमत मला नेमकी माहीत आहे. त्या वर्षी पुढच्या हंगामाची उचल मी मार्चमध्येच पाठवली. तोडणी संपली की छाटणी, खतं, मजुरी सुरू होते, आणि हातात रोख नसते ती तेव्हाच.

भावावरून आमचं वाजलंही आहे, ते लपवत नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला १ डॉलरच्या खाली आली, तेव्हा मी ठरलेलाच दर दिला. २०२५ च्या फेब्रुवारीत तीच ४ डॉलरच्या वर गेली. अण्णांचा मुलगा म्हणाला, गेटवर व्यापाऱ्यांचे ट्रक उभे आहेत, तुमच्या दरात कसं देऊ? त्याचं चुकत नव्हतं. दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी ठरलं, की एका दराच्या खाली आम्ही कधीच जायचं नाही, आणि बाजार वर गेला तर वरचा फरक निम्मा-निम्मा. मला पाकिटाचा भाव वाढवावा लागला, काही गिऱ्हाइकं गेली. मुलगा मळ्यावर टिकला, तो शहरात नोकरीला गेला नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं.

तुम्ही पहिल्या वर्षी दोन-तीन पोतीच घ्या, आणि दुसरा एक पुरवठादार हाताशी ठेवा. डिसेंबरात तोडणी चालू असताना जा. खळ्यावर बसा, बी हातानं परता, दाताखाली धरून बघा, ओलं बी मऊ लागतं. आणि जाताना त्यांच्याच मळ्यातली भाजलेली कॉफी घेऊन जा. मी दुसऱ्या वर्षी नेली होती. त्या घरात बाजारात न जाणारी उरलीसुरली बी तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, गूळ आणि दूध घालून रोजची कॉफी व्हायची. अज्जींनी माझी बिनदुधाची एक घोट घेतली, आंबट आहे म्हणाल्या, चमचाभर गूळ घातला, आणि कप रिकामा करून अज्जांना हाक मारली.