तबल्यावरच्या शाईत कला किती आणि विज्ञान किती?

तुम्ही विचारलंय, माणसाच्या इतिहासात कला आणि विज्ञान कायम वेगळ्या वाटांनीच चालत आले का? चित्रकार आणि संशोधक अशा दोन्ही भूमिकांत वावरलेल्या लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण सगळेच देतात. मी तबल्याचं देतो, कारण तो रोज माझ्या हाताखाली असतो.

सगळीकडे सारख्या जाडीचं कातडं ताणून वाजवलं, तर मूळ कंपनाबरोबर त्याच्या १.५९, २.१४, २.३० पट अशी आडनिडी कंपनं उठतात. कान त्यांना सूर मानत नाही, नुसता ठोका मानतो. तारेची कंपनं मात्र २, ३, ४ पटीत येतात, म्हणून ती सुरेल. आता तबल्याची पुडी, म्हणजे त्यावर ताणलेलं कातडं, बघा. कारागीर लोखंडाची भुकटी खळीत मळून मधोमध शाईचा, म्हणजे त्या काळ्या गोल ठिपक्याचा, पातळ थर देतो आणि दगडाने घोटत बसतो. घोटून घोटून थराला बारीक भेगा पडतात. त्या पडल्या नाहीत तर कातडं ताठरेल. मग पुढचा थर, जरा लहान. मध्येच टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा घोटायचं. हे मी तासन् तास समोर बसून पाहिलंय. मधल्या त्या वजनामुळे आडनिडी कंपनं सरकत सरकत २, ३, ४, ५ पटींजवळ येतात.

हे कागदावर आणलं सी. व्ही. रामन यांनी. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात यावर लिहिलं, आणि १९३४ च्या निबंधात पुडीचे पहिले नऊ कंपनप्रकार पाचच सुरेल स्वरांत कसे गोळा होतात ते मांडलं. नोबेल प्रकाशाच्या कामाला मिळालं, पण माझ्या लेखी हे काम तितकंच मोलाचं आहे. त्यात रामन यांना शाई भरणाऱ्या अनाम हातांबद्दल वाटणारा आदर दिसतो. त्या हातांनी प्रयोग आधीच केला होता. थर द्यायचा, ऐकायचं, चुकलं की खरवडायचं. याला प्रयोग नाही तर काय म्हणायचं?

वाजवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठच्या पट्टीवर, पडते. त्या टेकलेल्या बोटाने मूळ कंपन दबतं आणि दुप्पट कंपनाचा स्वर मोकळा होतो. कुणाचा तबला मिळाला तर करून बघा: तोच आघात अनामिका उचलून करा, खालचा स्वर लगेच मध्ये घुसतो.