नवा पीसी मध्येच बंद पडतोय? आधी रॅम बघ

अरे, लगेच विंडोज पुन्हा टाकत बसू नकोस. इव्हेंट व्ह्यूअरमधला (विंडोजच्या नोंदवहीतला) ‘कर्नल-पॉवर ४१’ हा संदेश पाहून पॉवर सप्लायलाही दोष देऊ नकोस. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच तो सांगतो. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सोय, चालू असेल तर बंद कर. रॅमच्या पट्ट्या दोन असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालू दे. एक जरी एरर आली तरी ‘चालतंय की’ म्हणायचं नाही, एकेक पट्टी वेगळी तपास. मी आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसलो होतो, आणि पट्टी अर्धवट बसलेली निघाली! फक्त गेम खेळतानाच बंद पडत असेल, तर तापमान आणि ग्राफिक्स कार्डाची केबल बघ.