पाहुण्या बोलून गेल्यावर

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा ऑफिसात कराचे रिटर्न भरण्याची घाई चालली होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. व्यवसाय-नोकरी करणाऱ्या बायकांच्या आपल्या गटाचे पुढच्या वर्षाचे कार्यक्रम तू ठरवणार, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. संध्याकाळी तू पाठवलेली बारा वक्त्यांची यादीही पाहिली. मोठमोठी नावं आहेत, मेहनत घेतलेली दिसते. पण यादी दोनदा वाचूनही आपल्या बायका मला त्यात कुठे सापडेनात. कुणाला बोलवायचं ते तू लिहिलं आहेस, कशासाठी बोलवायचं ते लिहिलेलं नाही. म्हणून हे पत्र.

एक प्रसंग सांगते. गट सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. खूप नावाजलेल्या एक बाई यायला तयार झाल्या म्हणून आम्ही सगळ्या हरखून गेलो होतो. मोठा हॉल घेतला, एकशेवीस खुर्च्या मांडल्या. पाहुण्या सव्वा तास उशिरा आल्या आणि तासभर स्वतःच्या प्रवासाबद्दल बोलल्या. बोलल्या सुरेखच. सात वाजता हॉलची किल्ली परत द्यायची होती आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. तिसऱ्या रांगेत आपल्या एका सभासदाचा हात वर होता. मांजलपूरला सहा मशिनांवर गणवेश शिवून द्यायचा तिचा व्यवसाय होता. तिचा हात मला दिसला होता. तरी मी म्हणाले, "प्रश्न चहाच्या वेळी विचारू या," आणि आभार मानायला सुरुवात केली. चहाच्या वेळी पाहुण्यांभोवती फोटोंसाठी गर्दी झाली. ही कप न घेताच निघून गेली.

पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात कुणाकडून तरी कळलं, की एका मोठ्या गिऱ्हाइकाने तिचं बिल सात महिने अडकवलं होतं आणि तिने चार मशिनं विकली होती. पैसे अडकले तर काय करायचं, एवढंच तिला विचारायचं होतं.

अगं, हे तर माझं रोजचं काम! छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असेल तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. दाद मागायला सरकारने नेमलेली सुविधा परिषद आहे. त्यासाठी उद्योगाची नोंदणी मात्र आधीच करून ठेवलेली बरी. हे सगळं मी तिला पाच मिनिटांत सांगितलं असतं. उत्तर तिच्यापासून दहा फुटांवर माइक धरून उभं होतं आणि त्यानेच तिला गप्प बसवलं. ही गोष्ट मला अजून लागते.

तेव्हापासून मी एक नियम धरला आणि तूही तो सोडू नकोस. पाहुण्यांना पंचवीस मिनिटं द्यायची, पुढचा पाऊण तास प्रश्नांचा. पाहुण्या कितीही मोठ्या असल्या तरी. हे त्यांना आमंत्रण देतानाच सांग. ज्यांना ते पटत नाही, त्यांना नम्रपणे सोडून दे. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर मागव, नाव न लिहिता आणि ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. आपल्या बडोद्यात एकाच ओळीत मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी बोलणाऱ्या चौघी बसलेल्या असतात. इंग्रजी स्लाइड सुरू झाल्या की त्यातल्या दोघी मान डोलावतात आणि विचारत काहीच नाहीत. चिठ्ठीवर मात्र त्या मोकळेपणाने लिहितात. तू वाचून दाखव, लागेल तिथे समजावून सांग.

विषय शोधायला बाहेर जाऊच नकोस. माझ्याकडे गटाची एक लांबट वही आहे, खतावणीसारखी. दर बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकीने एक गरज सांगायची आणि दुसरीला देता येईल असं एक काहीतरी सांगायचं. डाव्या पानावर गरज, उजव्या पानावर देणं. 'मकरपुऱ्याच्या शेडसाठी कर्ज हवं, तारण नाही.' 'माझ्याकडे चांगला इलेक्ट्रिशियन आहे.' 'सासऱ्यांना पॅरालिसिस झालाय, दिवसा माणूस हवं.' 'निविदा भरायला शिकवीन.' तीन महिन्यांची डावी पानं ओळीने वाच, चौथ्या महिन्याचा वक्ता कोण हवा ते आपोआप कळेल. तारणाशिवाय कर्जाची गरज पाच जणींनी लिहिली असेल, तर बोलवायचं बँकेच्या शाखेत रोज अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला. अर्ज कुठल्या कागदावर अडतो ते तोच सांगू शकतो.

२०२४ चा ऑगस्ट आठव. विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर घुसलं आणि आपल्यापैकी कितीजणींच्या तळमजल्यावरचा माल भिजला. सप्टेंबरला नेतृत्वगुणांवर व्याख्यान ठरलेलं होतं. ते मी रद्द केलं आणि विम्याचा एक सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, बोलावला. साधा माणूस, भाषणाची सवय नाही. पण त्याने सांगितलं की भिजलेला माल पाहणी होईपर्यंत फेकू नका, पाण्याची खूण भिंतीवर दिसतेय तोवर फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, स्टॉक रजिस्टर वरच्या मजल्यावर ठेवत जा. आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवूच नका, कारण इंजिनात पाणी असताना गाडी सुरू करायला गेलं की इंजिन जातं आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा मिळत नाही. खाकऱ्याचं युनिट असलेल्या आपल्या एकीने तिथूनच नवऱ्याला फोन लावला, "पोती टाकू नका, थांबा!" साडेआठपर्यंत कुणी उठलं नाही. त्या माणसाला मी त्या महिन्याच्या कुठल्याही ख्यातनाम वक्त्याच्या वर बसवते.

कायद्यावरच्या बैठकीचंही असंच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तो नोकरी करणाऱ्या बायकांसाठीच आहे अशी सगळ्यांची समजूत होती. वकीलबाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "इथे किती जणींकडे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत?" सात हात वर झाले. "मग अंतर्गत समिती तुम्हाला नेमायची आहे. तिच्या अध्यक्ष बाई हव्यात, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा." खोली एकदम शांत झाली. आपण तक्रार करणाऱ्याच नाही, तक्रार ऐकून घेणाऱ्याही आहोत, हे त्या दिवशी सात जणींना कळलं. चांगला वक्ता मी यावरून ओळखते: समोर कोण बसलंय हे त्याला ठाऊक असतं. म्हणून पाहुण्यांना आधी पंधरा मिनिटं फोन करत जा. इतक्या जणींची दुकानं आहेत, इतक्या नोकरीत आहेत, इतक्या घरून काम करतात, हे सांग. आणि विचार की पहिलं कर्ज कुणी दिलं, कुठल्या ऑर्डरमध्ये बुडायची वेळ आली, तेव्हा पगार कसे केले. त्या प्रश्नांवर बोलतील तर उत्तम.

आता भाव सांगण्याच्या सरावाबद्दल. तुझ्या यादीत तो कुठेच नाही आणि माझ्या मते आपल्या गटाचा सर्वांत मोलाचा कार्यक्रम तोच आहे. दोघी समोरासमोर बसतात, एक गिऱ्हाईक होते, दुसरी आपला दर सांगते. गेल्या वर्षी आपली आर्किटेक्ट मुलगी बसली होती. आकडा सांगितला आणि लगेच पुढे म्हणाली, "पण कमी-जास्त करता येईल." समोरची अजून काही बोललीही नव्हती! मी म्हटलं, पुन्हा. आकडा सांग आणि ओठ मिटून घे. दुसऱ्या वेळी ती तीन सेकंद थांबली आणि हसायला लागली. चौथ्या वेळी नीट थांबली. पगारवाढ मागण्याचा, बैठकीत मध्येच तोडणाऱ्याला "माझं वाक्य पूर्ण होऊ दे" म्हणण्याचा सरावही असाच घ्यायचा.

हे क्षुल्लक वाटत असेल तर हंसाबेन मेहतांना आठव. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' असं होतं, तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' हवं हा आग्रह त्यांनी धरला, आणि १९४८ च्या जाहीरनाम्यात तेच शब्द आले. पुढच्याच वर्षी त्या आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. एक शब्द बदलायला टेबलापाशी बसावं लागतं आणि तोंड उघडावं लागतं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी १९१४ मध्ये इथे स्त्री उद्योगालय काढलं आणि १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं. ज्या गावात या दोघींनी काम केलं, तिथे आपण बायका स्वतःचा दर सांगताना खाली बघतो, याचं मला फार वाईट वाटतं. वर्षातली एक बैठक या दोघींच्या बडोद्यात पायी हिंडून कर. शहरभेट म्हण त्याला. नव्या मुली चालता चालता जितक्या बोलतात तितक्या खुर्चीवर बसून बोलत नाहीत.

पाहुणी बाई असली की हमखास विचारलं जातं, "घर सांभाळून हे सगळं कसं जमवता?" व्यासपीठावरून हा प्रश्न तू विचारू नकोस. पुरुष वक्त्याला तो कुणी विचारत नाही, आणि उत्तर ठरलेलं असतं: घरच्यांचा पाठिंबा. पण विषय खरा आहे, त्याला स्वतंत्र बैठक दे, पाहुण्यांशिवाय. पाळणाघराला किती पैसे देता, स्वयंपाकाच्या बाईंना किती, आजारी सासूबाईंची रात्र कोण काढतं, मुलाच्या परीक्षेत रजा कोण घेतं, हे आकड्यांनिशी आणि तासांनिशी सांगायचं. दोन वर्षांपूर्वी अशी बैठक झाली. तिथून निघताना दोघी शेजारणींनी एकच बाई अर्धा-अर्धा दिवस ठेवायचं ठरवलं, ते अजून चालू आहे.

एका बाबतीत मात्र कडक राहा. व्यासपीठावरून विक्री नको. पॉलिसी, योजना, साखळी-विक्रीची उत्पादनं, काहीही नाही. तुला दबाव येईल, "आपलीच आहे, पाच मिनिटं दे" म्हणतील. देऊ नकोस. बायका इथे विश्वासाने येतात आणि एकदा कुणाचे पैसे बुडाले की ती गटालाच कायमची अंतरते. बाहेर टेबल मांडू दे, ज्यांना हवं त्या बघतील.

बाकी किरकोळ. दुसरा शनिवार बदलू नकोस, त्या दिवशी बँकांना सुटी असते आणि आपल्या बँकेतल्या मैत्रिणी येऊ शकतात. नवरात्रात बैठक नको, मार्च अखेरही नको. ओळख तीन वाक्यांत. पुष्पगुच्छाऐवजी पाहुण्यांचं रिक्षाभाडं दे, छोट्या गावाहून येणाऱ्या बाईला ते मागायला संकोच वाटतो. चहा आधी ठेव, नंतर नाही. आणि नवीन आलेली बाई एकटी बसलेली दिसली तर सगळं सोडून तिच्याजवळ जा.

बैठकीनंतर दोन आठवड्यांनी पाहुण्यांना पत्र लिही. 'भाषण छान झालं' असं नको. तुमचं ऐकून अमुक जणीने काय केलं, ते लिही. लिहायला काही नसेल तर वहीत बघ, कुठे चुकलं ते सापडेल.

तुझ्या यादीतली तीन नावं ठेव, कुठली ते तूच ठरव. उरलेल्या नऊ जागा मोकळ्या ठेवून वही घ्यायला शनिवारी सकाळी ये, सेव-उसळ मागवते. वहीच्या शेवटच्या पानावर त्या गणवेशवाल्या ताईंचा नंबर आहे. उरलेल्या दोन मशिनांवर त्या अजून शिवणकाम करतात. मी फोन केला की त्या आदराने बोलतात आणि "बघते हं" म्हणतात, येत नाहीत. या वेळी तू कर. पैसे कसे वसूल करायचे यावर बैठक आहे म्हणून सांग, आणि त्यांचा पहिला प्रश्न काय आहे ते आधी विचारून घे.

तुझी,
मावशी