तोडीआधी जा

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन हंगाम सागाच्या कूपांत, म्हणजे पाळीपाळीनं तोडायच्या जंगलपट्ट्यांत, पाखरं मोजलीस, तोड झालेल्या आणि न झालेल्या कक्षांत (जंगलाच्या आखलेल्या भागांत) फरकच दिसेना, म्हणून आता वाघाच्या कॅमेऱ्यांकडे वळायचं म्हणतेस. वाघ मोजणारे पुष्कळ आहेत. मला एवढंच सांग, तोड व्हायच्या आधी तू त्या कक्षात गेली होतीस का?

नाही ना? मग तुलना कशाशी करतेस? शेजारच्या कक्षाचा उतार निराळा, नाला निराळा, चराई निराळी.

चिडतोय, कारण मीही हेच केलं होतं. विरळणीनंतर, म्हणजे दाटीतली काही झाडं तोडून झाल्यावर, सहा महिन्यांनी पोचलो. मोईच्या झाडाचा एक ओंडका न उचलता तसाच पडला होता, अंगावर गेरूचा पट्टा. त्याच्या ढोलीत हात घातला तर सरड्याची हाडं, टोळाच्या तंगड्या आणि एक करडं पीस. कुणाचं घर होतं ते? साध्या पिंगळ्याचं, की रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाचं? कळायला मार्ग नव्हता. अहवाल निरुपयोगी ठरला. निरुपयोगी कसा? दोन पावसाळे एकेक खुंट हातांनी मोजलाय मी! आकडे आजही खरे आहेत. फक्त ते कशाचंच उत्तर देत नाहीत.

रानपिंगळ्याचंच बघ. 1884 नंतर त्याचा पक्का पुरावा नव्हता. मध्ये एका इंग्रज साहेबानं संग्रहालयातून चोरलेल्या कातड्याला 1914 ची खोटी चिठ्ठी लावली, गुजरातची. त्या चिठ्ठीमागे लोक भलतीकडे शोधत राहिले. पक्षी सापडला 1997 च्या नोव्हेंबरात, आपल्या शहाद्याजवळ, आणि तोही भर दिवसा उघड्या फांदीवर बसणारा! आधीची नोंद धड नसली की असं होतं.

तोडीआधी जा. कठीण काय आहे त्यात? कोणत्या साली कोणता कूप तोडायचा हे वनखात्याच्या कार्य आयोजनेत दहा-दहा वर्षांचं लिहून ठेवलेलं असतं. वाघ कुठे जाणार ते कुणी असं आधी लिहून देतं का? दोन वर्षांनी तुटणारे चार कक्ष निवड, तेवढेच न तुटणारे घे आणि आत्तापासून मोजायला लाग. नाल्यातले मासेही घेणार असशील तर तेही आत्ताच, गाळ डोहात उतरल्यावर नाही.

वनरक्षकाशी नीट बोल. मार्किंगच्या, म्हणजे तोडायच्या झाडांवर खुणा करायच्या दिवशी त्याच्याबरोबर चालायला मिळालं तर सुट्टी रद्द कर, घरी काय सांगायचं ते मी बघतो.

ढोलीच्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर घे. ढोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिही. मी ते लिहिलं नव्हतं.