वाचकांचे प्रश्न : रिंग असूनही सेवा का पडते?

प्रश्न : शहरभर आठ स्विच फायबरच्या रिंगमध्ये जोडले आहेत. रॅपिड स्पॅनिंग ट्री, म्हणजे डेटा रिंगमध्ये गोल फिरत राहू नये म्हणून एक वाट बंद ठेवणारी व्यवस्था, चालू आहे. तरी फायबर कट झाली की कधी सहा-सात सेकंद, तर कधी अर्धा मिनिट सगळे ठप्प होते. असे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या दोन आकड्यांमागे दोन वेगळे दोष दिसतात. अर्ध्या मिनिटाचा थांबा जुन्या स्पॅनिंग ट्रीचा आहे. त्यात पोर्ट डेटा सोडण्याआधी लिसनिंग आणि लर्निंग या दोन टप्प्यांत प्रत्येकी १५ सेकंद अडकतो. रिंगमधला एखादा स्विच जुन्या मोडमध्ये राहिला असेल किंवा एखादी लिंक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने डेटा) आली असेल, तर रॅपिडसुद्धा तिथे हेच टायमर वापरते. आठही स्विचवर मोड आणि डुप्लेक्स आधी तपासा.

सहा सेकंदांचा अर्थ असा, की कट झाल्याचे पोर्टला कळलेच नाही. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) किंवा भाड्याची लाइन असली, की पलीकडे फायबर तुटूनही अलीकडचा दिवा हिरवाच राहतो. मग शेजारचा स्विच चालू असल्याचे सांगणारे, दर २ सेकंदांनी येणारे हॅलो संदेश सलग तीनदा चुकेपर्यंत स्विच वाट पाहतो.

आठ स्विचच्या रिंगसाठी आमचा स्पष्ट सल्ला आहे, की जी.८०३२ म्हणजे ईआरपीएस या खास रिंगसाठीच्या मानकावर जा. यात एक लिंक, आरपीएल (रिंग प्रोटेक्शन लिंक), मुद्दाम ब्लॉक ठेवलेली असते. कुठेही कट झाली की तिच्या दोन्ही बाजूंचे स्विच आपले पोर्ट बंद करून संदेश पाठवतात, सगळे स्विच मॅक टेबल (कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर याची यादी) पुसतात आणि आरपीएल उघडते. १६ नोड आणि १२०० किलोमीटरपर्यंतच्या, गर्दी नसलेल्या रिंगमध्ये ही अदलाबदल ५० मिलिसेकंदांत व्हावी, असे मानकाचे उद्दिष्ट आहे.

बदल रात्री करा आणि सुरुवातीलाच जी लिंक आरपीएल होणार ती हाताने शटडाउन करा. ती चालू असताना रिंग पोर्टवरची स्पॅनिंग ट्री काढली, तर लूप होऊन, म्हणजे तीच पॅकेट गोल फिरत राहून, सगळे शहर बसेल. नियंत्रण संदेशांसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच तारेवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) घ्या, ते प्रत्येक स्विचच्या दोन्ही रिंग पोर्टवर टॅग करा आणि त्यात ग्राहकांचा ट्रॅफिक घालू नका. आरपीएल अपलिंकच्या (रिंग बाहेरच्या नेटवर्कला जिथे जोडते त्या जागेच्या) समोरच्या टोकाला ठेवली, की ट्रॅफिक दोन्ही हातांत विभागला जातो. रिस्टोअरचा टायमर (लिंक जुळल्यावर मूळ वाटेवर परतण्याआधीचा थांबा) ५ मिनिटांचाच राहू द्या. कच्चा जॉइंट तुटत-जुळत राहिला, तर हाच टायमर ग्राहकांना वाचवतो.

कन्व्हर्टर असलेल्या लिंकवर सीसीएम, म्हणजे लिंक जिवंत आहे का हे ठरावीक अंतराने तपासणारे संदेश, लावा. ३.३३ मिलिसेकंदांच्या अंतराने साधारण १२ मिलिसेकंदांत दोष कळतो. स्विच हे काम हार्डवेअरमध्ये करत नसेल, तर इतक्या वेगाने खोटे अलार्म येतील. मग १०० मिलिसेकंद ठेवा आणि ३५० मिलिसेकंदांचा खंड मान्य करा.

आणि फायबरचा मार्ग नकाशावर काढून पाहा. रिंगचे दोन्ही हात एकाच डक्टमधून किंवा एकाच पुलावरून जात असतील, तर एका जेसीबीत दोन्ही जातात. तिथे कोणताही प्रोटोकॉल कामाला येत नाही. बहुतेक वेळा हे हात मुख्य केंद्रातून बाहेर पडताना, पहिल्याच चेंबरपाशी एकत्र आलेले सापडतात.

प्रश्न : १०० एमबीपीएसची लाइन घेतली, पण फाइल पाठवताना ती ४०च्या आसपासच जाते. सेवादात्याच्या टेस्टरवर मात्र पूर्ण १०० दिसतात. खरे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही खरे. टेस्टर एकसारख्या वेगाने पॅकेट सोडतो, तर फाइल पोहोचवणारा टीसीपी प्रोटोकॉल झुंडीने. तुमचा राउटर गिगाबिट पोर्टवर असेल तर १५०० बाइटची दहा पॅकेट तो सुमारे ०.१२ मिलिसेकंदात ओततो. सेवादात्याच्या पोलिसरचा (वेगमर्यादा ओलांडणारी पॅकेट टाकून देणाऱ्या यंत्रणेचा) बर्स्ट, म्हणजे एका झटक्यात चालणारा डेटा, १६ हजार बाइटचा असेल, तर तो तिथेच संपतो. पुढची पॅकेट टाकून दिली जातात आणि टीसीपी आपला वेग खाली आणते.

बर्स्टचा हिशोब वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ असा करा. ५० मिलिसेकंदांसाठी १०० एमबीपीएसला ६,२५,००० बाइट येतात. सेवादात्याकडे ही वाढ मागा. ती मिळेपर्यंत आपल्याच राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर ९५ एमबीपीएसचा शेपर लावा. शेपर जादा पॅकेट लगेच टाकून देत नाही, रांगेत थांबवतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो. लाइन ताब्यात घेताना आरएफसी ६३४९ या इंटरनेट दस्तऐवजातली टीसीपी वेगाची चाचणी मागायला विसरू नका.

प्रश्न : रिंग दुसऱ्या बाजूने फिरली की लहान पाने उघडतात, मोठ्या फाइल अडकतात. का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी. दोन व्हीलॅन टॅग लागले की १५१८ बाइटची फ्रेम १५२६ची होते. राखीव हातावरचा एखादा स्विच जुन्या मर्यादेवर राहिला, तर एरवी काहीच जाणवत नाही. रिंगच्या प्रत्येक पोर्टवर एमटीयू ९००० बाइट किंवा जास्त ठेवा. मग डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे करू नका) हा पर्याय लावून १४७२ बाइटचा पिंग मारा, आणि एकेक हात बंद करून दोन्ही बाजूंनी मारा.