अर्थांतरन्यास : यातलं ‘अंतर’ कशाचं?

प्रश्न असा आहे : मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘अर्थांतरन्यास’ नावाचा अलंकार आहे. त्याचा अर्थ ‘अर्थात अंतर पाडणं’ असा घ्यायचा का? दृष्टांताहून तो वेगळा कसा ओळखायचा? आणि कवितेबाहेर, भाषणाबिषणात, तो कुठे भेटतो का?

गोंधळ ‘अंतर’ या शब्दाने केला आहे. रोजच्या बोलण्यात अंतर म्हटलं की पुणे ते नाशिक किती किलोमीटर, हेच डोक्यात येतं. पण समासाच्या शेवटी येणारं ‘अंतर’ पुष्कळदा ‘दुसरा’ असं सांगत असतं. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, स्थलांतर म्हणजे दुसरं ठिकाण. वेषांतर, धर्मांतर, रूपांतर ही सगळी त्यातलीच. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ झाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव मिळालं. त्यात जुनं नावही राहिलं होतं, म्हणून त्या निर्णयाला नामविस्तार म्हटलं गेलं. नामांतर म्हणजे पूर्ण दुसरं नाव, हे सगळ्यांना नेमकं ठाऊक होतं.

‘न्यास’ तर ओळखीचाच. नि + अस्, म्हणजे खाली ठेवणं. देवस्थानाचा न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. केशविन्यासात केस नीट मांडून ठेवलेले असतात, संन्यासात सगळंच खाली ठेवलेलं असतं. तेव्हा अर्थांतरन्यास म्हणजे एका अर्थाशेजारी दुसरा अर्थ आणून ठेवणं. कशासाठी? आधाराला. ११व्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात हेच सांगितलं आहे : ‘सामान्यं वा विशेषो वा तदन्येन समर्थ्यते.’ सर्वांना लागू पडणाऱ्या विधानाला एखाद्या ठरावीक उदाहरणाने बळ द्यायचं, किंवा ठरावीक गोष्टीला सर्वांना लागू पडणाऱ्या विधानाने. ‘समर्थ्यते’ हा त्यातला कळीचा शब्द.

आता दृष्टांत. मी ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघतो :

त्याला कितीही समजावा, तो आपलंच खरं करणार. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

त्याला कितीही समजावा, तो आपलंच खरं करणार. स्वभावाला औषध नाही.

पहिल्या वाक्याच्या मध्ये ‘तसंच’ घालून बघा, चपखल बसतं. दोन चित्रं समोरासमोर आहेत, एकात दुसऱ्याचं प्रतिबिंब. हा दृष्टांत. दुसऱ्यात ‘तसंच’ बसत नाही, तिथे ‘कारण’ किंवा ‘शेवटी काय’ लागतं. स्वभावाला औषध नाही, हे त्या माणसाचं चित्र नव्हे. तो नियम आहे आणि हा माणूस त्याच्या पोटात येतो. हा अर्थांतरन्यास. ‘तसंच’ की ‘कारण’, एवढी एक चाचणी मुलीला दिलीत तरी निम्मं काम होईल.

मराठीतलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंती आख्यानातलं. नळराजाने तळ्याकाठी हंस पकडला आहे :

तदितर खग भेणें वेगळाले पळाले,
उपवन-जल-केली जे कराया मिळाले;
स्वजन, गवसला जो, त्याजपाशी नसे तो,
कठिण समय येता कोण कामास येतो?

बाकीचे पक्षी भयाने पळाले. तेच पक्षी, जे बागेतल्या पाण्यात खेळायला गोळा झाले होते. जो सापडला, त्याच्यापाशी त्याचं आपलं माणूस कुणी नाही. इथपर्यंत सगळं त्या एका तळ्यावरचं. चौथ्या ओळीत कवी तळं सोडतो. क्रियापदं पाहा : ‘पळाले’, ‘मिळाले’ हा भूतकाळ त्या पक्ष्यांचा, ‘येतो’ हा वर्तमानकाळ तुमचा-माझा. एकच ‘येणं’ दोनदा वापरलं आहे. वेळ येते, माणूस येत नाही. विधान न करता प्रश्न विचारला आहे, त्यामुळे ‘कोणीच नाही’ हे उत्तर वाचकाच्याच तोंडून निघतं. (‘कठिण’मधली ‘ठि’ ऱ्हस्व आहे ती मालिनी वृत्तासाठी, पहिली सहाही अक्षरं लघु हवीत म्हणून.) ही ओळ इतकी स्वयंपूर्ण झाली की हंस कुठला, राजा कुठला हे माहीत नसलेली माणसंही ती म्हणतात. चांगल्या अर्थांतरन्यासाचं असंच होतं, त्याची म्हण होते.

भाषणात तर हा अलंकार पावलोपावली आहे. भारवी या कवीच्या ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत महाकाव्यात दुर्योधनाच्या राज्याची बातमी काढून आलेला वनेचर, म्हणजे रानात राहणारा हेर, युधिष्ठिराला वाईट खबर द्यायच्या आधी म्हणतो, बोलणं बरंवाईट वाटलं तर क्षमा करावी; ‘हितं मनोहारि च दुर्लभं वचः’, हिताचं आणि वर गोडही असं बोलणं दुर्मीळच. हा नियम ऐकून घेतल्यावर राजाला रागावायला जागाच उरत नाही.

आणि आमच्या गावच्या ग्रामसभेतलं एक वाक्य मला अजून आठवतं. विहिरीतला गाळ तीन वर्षं का निघाला नाही, असं कुणीतरी विचारलं. उत्तर देणारा बराच वेळ बोलला आणि शेवटी म्हणाला, ‘शेवटी काय, सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं.’ सगळ्या माना डोलल्या. डोलल्या त्या नियमाला, तो खराच होता. पण गाळाचा प्रश्न तसाच राहिला. म्हणून भाषण तपासताना ‘शेवटी काय’, ‘उगाच नाही म्हणत’, ‘म्हणतात ना’ हे शब्द आले की मी थांबतो आणि दोन गोष्टी वेगळ्या करतो : नियम खरा आहे का, आणि समोरची गोष्ट खरोखर त्या नियमाखाली येते का? दुसऱ्या प्रश्नावर फसगत जास्त होते.

राहिला तुकोबांचा अभंग, कारण मुलगी तो विचारणारच. ‘लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा, ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’ हे पाठ्यपुस्तकांतलं दृष्टांताचं ठरलेलं उदाहरण. पण पुढे ‘ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण’ असा सरळ नियम आहे आणि ऐरावत त्याच नियमाचा साक्षीदार आहे. मम्मटाच्या व्याख्येने पाहिलं तर मला हा अर्थांतरन्यास वाटतो. मराठी व्याकरणात कुठलाही दाखला म्हणजे दृष्टांत, असा सैल वापर रुळला आहे, त्यामुळे परीक्षेत तिने ‘दृष्टांत’च लिहावं. घरी मात्र अंकुशाच्या आणि मोठेपणाच्या ओळींमध्ये एकदा ‘तसंच’ आणि एकदा ‘शेवटी काय’ घालून मोठ्याने म्हणायला सांगा, आणि तिला काय ऐकू येतं ते मला जरूर कळवा.