दोन गाई देवगडहून गुहागरला न्यायच्या आहेत, सरपंचांचा दाखला पुरेल का?

आपल्या मामांनी दिलेल्या दोन गाई देवगडहून गुहागरला न्यायच्या आहेत, त्यांतली एक गाभण आहे आणि दुसरीच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा सरकारी बिल्ला नाही, तर सरपंचांचा दाखला पुरेल का आणि गाडी कोणती करावी, असे आपण विचारले आहे. सरपंचांचा दाखला पुरणार नाही. बिल्ला नसलेली गाय बिल्ला मारून घेतल्याशिवाय गाडीत चढवू नका, मग ती मामांनी दिलेली असो किंवा बाजारात विकत घेतलेली असो. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. असे जनावर वीज पडून किंवा बिबट्याच्या हल्ल्यात दगावले, तर नुकसानभरपाईही मिळत नाही.

उत्तर इथेच संपवता आले असते. परंतु "घरच्याच माणसाची जनावरे आहेत, तिथे कागद कशाला" असे आपण प्रश्नात लिहिले आहे, आणि नेमके हेच वाक्य आमच्या थोरल्या दादांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये माझ्यासमोर उच्चारले होते. त्या वाक्याची किंमत आमच्या वाडीने मोजली, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वर्षी राज्यात लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या संसर्गजन्य रोगाची, मोठी साथ होती. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले होते आणि जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने सगळे बंद होते. बाजार बंद असल्यामुळे घाटावर बैलांचे भाव पडले होते आणि दादांच्या जोतातला एक बैल म्हातारा झाला होता. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ते मेहुण्यांच्या ओळखीने घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडे गेले आणि तांबड्या रंगाचा, चार दाती, उमदा बैल निम्म्या भावात घेऊन रात्रीतून आंबा घाट उतरून साखरप्यावरून घरी आले. गाडीत बैलाबरोबर पेंडीची पोती आणि एक जुना पलंग होता. आरोग्य दाखला नव्हता. व्यापाऱ्याच्या गावच्या सरपंचांचे पत्र तेवढे होते.

सकाळी मी बैल पाहायला गेलो, तेव्हा त्याच्या डाव्या कानाच्या मधोमध एक भोक दिसले. त्या भोकाच्या खालच्या कडेपासून कानाच्या टोकापर्यंत कान चिरलेला होता आणि चिरलेल्या कडा अजून ओल्या होत्या. झुडपात अडकून बिल्ला पडला, असे व्यापाऱ्याने दादांना सांगितले होते. जुना बिल्ला ओढ बसून कान फाटून पडतो, हे मी स्वतःच्या गोठ्यात पाहिलेले आहे, परंतु ती जखम भरून कडा कोरड्या आणि गोलसर होतात. हा कान फार तर दोन-तीन दिवसांपूर्वी फाटलेला किंवा फाडलेला होता. बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक असता, तर कोणत्याही पशुवैद्यकाला तो टाकून त्या बैलाला लस टोचली होती की नव्हती आणि तो कोणाच्या नावावर होता, हे पाच मिनिटांत पाहता आले असते. क्रमांकच नसल्यामुळे त्या बैलाला मागचा इतिहासच उरला नव्हता. मी दादांना बैल तीन-चार आठवडे वेगळा, वाडीच्या वरच्या अंगाला बांधायला सांगितले. त्यावर त्यांनी ते वाक्य ऐकवले आणि बैल आमच्या सामाईक पडवीत, माझ्या गाईंपासून आठ हातांवर बांधला.

पाचव्या दिवशी बैलाने पेंढा सोडला. सहाव्या दिवशी मानेवर आणि खांद्यावर सुपारीएवढ्या गाठी आल्या आणि पुढचे पाय सुजले. मी त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन कळवले. संसर्गजन्य रोगाची शंका आली तर मालकाने ती कळवलीच पाहिजे, असे २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या कायद्यात सांगितलेले आहे. आजारी बैल दादांचा होता, तरी त्याच पडवीत माझी तीन जनावरे उभी होती. मी घरचे बाहेर सांगितले, असे दादा आजही म्हणतात. मी ते नाकारत नाही आणि तशी वेळ पुन्हा आली तरी तेच करीन.

डॉक्टर आले, त्यांनी बैल वेगळा करायला लावला आणि वाडीतल्या निरोगी जनावरांना लस टोचली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बैलाच्या क्रमांकाचा. दादांनी सरपंचांचे पत्र पुढे केले. डॉक्टरांनी ते वाचून परत दिले आणि आपल्या कागदावर क्रमांकाच्या रकान्यात रेघ ओढली. हा बैल ज्या गोठ्यातून आला, तिथे आणखी किती जनावरे आजारी होती, ती कुठे कुठे विकली गेली, याचा माग काढायचा तर त्यांच्या हातात काहीच नव्हते.

लस टोचली तरी अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. आमच्या जनावरांना एवढा अवधी मिळाला नाही. भाऊबीजेच्या दिवशी माझ्या दीड वर्षाच्या पाडीला ताप भरला. तिच्या अंगभर गाठी आल्या, नंतर नाकातून आणि डोळ्यांतून पाणी गळू लागले, आणि शेवटच्या तीन दिवसांत तिला घोटभर पाणीही गिळवत नव्हते, इतक्या गाठी तोंडात आणि घशात झाल्या होत्या. माझी पत्नी कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात गुळाचे पाणी पिळत असे. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती गेली. ती आमच्या घरच्या कोकण कपिलेची पाडी होती. ही लहान चणीची, डोंगरउतारावर चरणारी आणि आपल्या पावसात टिकणारी जात आहे, तिची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदही झालेली आहे, आणि तरीही तिची जनावरे आता वाडीवाडीतून कमी होत चालली आहेत. पाडीच्या कानात बिल्ला होता, म्हणून पंचनामा झाला आणि वासरासाठी ठरलेले १६ हजार रुपये मला मिळाले. दादांचा बैल मात्र बरा झाला आणि अजून जोताला आहे.

आता आपल्या गाईंकडे वळतो. बिल्ला मारायला देवगडच्या दवाखान्यात सांगा. तो कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मधल्या जागेत बसवला पाहिजे, म्हणजे रक्त येत नाही आणि कान फाटत नाही. शक्यतो पावसाळ्यात मारू नका, कारण आपल्याकडच्या ओलीत जखमेवर माश्या बसतात आणि किडे पडतात. मारावाच लागला, तर आठ दिवस रोज जखम पाहा. बिल्ल्याबरोबर गाईची नोंद भारत पशुधन या सरकारी नोंदणी प्रणालीत मामांच्या नावाने होईल, आणि दोन्ही गाई आपल्या नावावर करून घेण्याचे कामही तेव्हाच उरकून घ्या, नाही तर पुढे विमा, पंचनामा, औषध प्रत्येक ठिकाणी मामांना बोलवावे लागेल.

आरोग्य दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच लागतो. जनावरांच्या वाहतुकीचे जे १९७८ चे केंद्रीय नियम आहेत, त्यांच्यानुसार जनावर प्रवासाला योग्य आहे, त्याला संसर्गजन्य किंवा परोपजीवी रोग नाही आणि त्याचे लसीकरण झालेले आहे, असा दाखला बरोबर असावा लागतो आणि तो नसेल तर वाहतूकदाराने जनावरे नाकारायची असतात. त्या नियमात बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाच्या लसीचा नावाने उल्लेख आहे. दादांचा आवडता मुद्दा हाच, की जो रोग जगातून गेला त्याच्यासाठी आजही कागद मागतात, म्हणजे हा सगळा कागदी खेळ आहे. बुळकांडी जगातून गेली, हे खरे आहे. आपला देश २००६ मध्ये आणि संपूर्ण जग २०११ मध्ये बुळकांडीमुक्त ठरले. परंतु ती आपोआप गेलेली नाही. गावोगाव लस टोचून, आजारी जनावरांची ये-जा रोखून आणि कुठे रोग दिसला की लगेच कळवून ती घालवली गेली. ज्या नियमांनी बुळकांडी संपवली, ते नियम लम्पीला आणि लाळ्या-खुरकूताला लागू नयेत, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. नियमानुसार एका मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरे चालत नाहीत आणि प्रत्येकाला निदान दोन चौरस मीटर जागा लागते. दोन गाईंना पिकअपचा हौदा पुरेल, मात्र तो आधी मोजून घ्या. तळाला काथ्याची जाड चटई किंवा फळ्या हव्यात, कारण नुसत्या पत्र्यावर शेण-मूत पडले की खूर घसरतो आणि महामार्गावरच्या वळणांत गाय बसली की पुन्हा उठत नाही. बाजू कमी उंचीच्या असतील तर वाढवून घ्या. चढवण्यापूर्वी चारा-पाणी द्या, तोंडे इंजिनकडे करून बांधा, बरोबर जनावरांची माहिती असलेला माणूस, प्रथमोपचाराचे साहित्य आणि वाटेपुरता चारा ठेवा. गाडीत दुसरा कोणताही माल भरू देऊ नका, परतीचे भाडे म्हणून चालकाने आंब्याच्या रिकाम्या पेट्या टाकल्या तरी उतरवायला लावा. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत असेल तर ती विण्याआधी हलवूच नका. डॉक्टरांनी दाखला दिला तरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. लम्पी चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, त्यामुळे तो आमच्या पडवीत बैलाबरोबरच आला, हे मी प्रयोगशाळेच्या पुराव्याने सिद्ध करू शकत नाही. माशी उडत आली असेल, हे दादांचे म्हणणे अशक्य नाही. परंतु त्या वेळी आमच्या वाडीच्या आजूबाजूला दुसरे आजारी जनावर कोणी पाहिलेले नव्हते. दुसरी गोष्ट, साथ असेल तेव्हा जिल्हाधिकारी वेगळे आदेश काढतात आणि तेव्हा वर लिहिलेले सगळे कागद असूनही वाहतूक बंद असू शकते. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांच्या दवाखान्यांत किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर विचारून घ्या.

सरपंचांचा दाखलाही घ्याच, मालकी दाखवायला तो उपयोगी पडतो. फक्त त्यावर दोन्ही गाईंचे बाराही अंक बिल्ल्यावरून एकेक वाचून लिहून घ्या, बिल्ल्यावर शेण वाळलेले असेल तर ओल्या फडक्याने पुसून. दादांनी आणलेले पत्र अजून माझ्याजवळ आहे. त्यात बैलाबद्दल एवढेच लिहिले आहे: एक तांबडा बैल, शिंगे सरळ.